दूध एकाला, लाथ दुसऱ्याला

आपली दिवाळी गाईपासून सुरू होते. वसुबारसेच्या संध्याकाळी सवत्स धेनूला ओवाळल्यावाचून पुष्कळ घरांत पहिली पणती लागत नाही. पायांवर पाणी, कपाळी हळदकुंकू, पुढ्यात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आजचे दूध वासराचे, म्हणून कित्येक घरच्या बायका त्या दिवशी दुधातुपाला शिवतसुद्धा नाहीत. हा सण ज्याने बसवला त्या माणसाला माझा नमस्कार असो.

परंतु वाचकहो, ओवाळणीचे तबक खाली ठेवल्यानंतर ती गाय कुठे जाते याची चौकशी आपण करीत नाही. शहरातली असेल तर ती मंडईच्या कडेला जाते, आणि उरलासुरला भाजीपाला पिशवीसकट गिळते. सकाळी धार काढून झाली, रतिबाचे दूध घरोघर पोचले, की दावे सोडायचे आणि तिला रस्त्यावर हुसकून द्यायचे. संध्याकाळी धारेच्या वेळेला ती आपणहून गोठ्यात येते. धन्याचा दिवसाचा कडबा वाचतो. मधल्या आठ-दहा तासांत तिने कुणाला शिंगावर घेतले, तर ते त्या माणसाचे नशीब!

दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण ज्याने प्रथम म्हटली त्याच्या घरी दूध येत असले पाहिजे. दूध आणि लाथ एकाच अंगणात पडत होती, म्हणून लाथ गोड लागली. आमच्या शहरांत दूध एका घरी जाते आणि लाथ दुसऱ्याच्या बरगडीत बसते. माझे म्हणणे सारे एवढ्याच गोष्टीवर आहे. ज्याने दूध घेतले त्याने लाथेचा हिशेब द्यावा. आणि जे जनावर कुणाच्याच दाव्याला नाही, ते ज्याच्या हुकमाने रस्त्यावर राहिले आहे त्याने द्यावा. कुणाची हयगय झाली आणि किती झाली, याचा खल मागाहून खुशाल करावा. आधी जखमी माणसाच्या हातावर पैसे पडू द्यावेत.

सोलापूरचे उदाहरण घेतो, कारण हे पायी चालणाऱ्यांचे शहर आहे. जुन्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले, पण यंत्रमागाच्या पाळ्या चालू आहेत. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून रात्रपाळी सुटलेला कामगार डबा हलवीत घरी निघतो, तेव्हा रस्त्याची मालकी कुत्र्यांच्या टोळीकडे असते. सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन नवे पान-तंबाखू आणायला बायका निघतात. अशा बायका या शहरात हजारोंनी आहेत. पाठीवर दप्तर घेतलेली पोरे असतात, सकाळी दुधाची पिशवी आणायला निघालेले म्हातारे असतात. मोटारीच्या काचा वर करून जाणाऱ्याला वळूचे शिंग लागत नाही. ते लागते ते यांना.

समजा, अशा एका विडीवालीला दोन झुंजणाऱ्या वळूंची धडक बसली आणि तिचे मनगट मोडले. सरकारी दवाखान्यात प्लास्टर होईल, औषधही मिळेल. पण विडी वळणे हा बोटांचा धंदा आहे. हजार विड्या वळल्या तर हजाराची मजुरी, न वळल्या तर काही नाही. प्लास्टर निघेपर्यंतच्या त्या सहा-आठ आठवड्यांत घरात चूल कुणाच्या पैशाने पेटायची? मनगट वाकडे जुळले आणि बोटे पूर्वीसारखी चालेनाशी झाली, तर पुढच्या वीस वर्षांचे काय?

कुत्र्याच्या चावण्याचा प्रकार याहून वाईट. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही. रोगी हाताला लागत नाही म्हटले तरी चालेल. उपाय आहे तो त्याआधीचा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यायची. पाश्चरने पॅरिसमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलावर ही लस पहिल्यांदा टोचली ती १८८५ साली. आपल्या वडीलधाऱ्यांना पोटात घेतलेली ती चौदा इंजेक्शने अजून आठवतात. आता दंडावर टोचतात. पहिल्या दिवशी एक, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असली तर त्याखेरीज वेगळे औषध जखमेतच भरावे लागते. लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण पाच खेपा म्हणजे पाच दिवसांचा खाडा, आणि पोराला नेणारी आई असेल तर तिचाही खाडा. तो खाडा कुणाच्या खात्यावर मांडायचा?

कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० च्या दंडसंहितेत एक कलम होते. आपल्या ताब्यातल्या जनावराची नीट खबरदारी न घेऊन जो माणसाच्या जिवाला धोका पोचवील त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २९१ व्या कलमाने तीच कैद कायम ठेवली आणि दंडाची मर्यादा पाच हजारांवर नेली. १८६० चे हजार रुपये म्हणजे खेड्यात वाडा बांधून होईल एवढी रक्कम. आजचे पाच हजार म्हणजे एका म्हशीच्या थोड्या दिवसांच्या दुधाचे पैसे! दीडशेहून अधिक वर्षांत आपण दंड वाढवला असे म्हणतो, आणि प्रत्यक्षात तो माफ करीत आणला आहे. त्यातून हा दंड जातो सरकारजमा. मनगट मोडलेल्या बाईला त्यातला पैसाही आपोआप मिळत नाही.

मग तिने दिवाणी दावा लावावा, असे शहाणे लोक सांगतील. लावू द्या. जनावर कुणाचे ते तिने सिद्ध करायचे, त्याने हयगय केली हे तिनेच सिद्ध करायचे, आणि धनी म्हणणार, “आमची गाय गरीब हो, आजवर कुणाला शिंग लावले नाही.” जनावर महापालिकेच्या गळ्यात मारायचे असेल तर आणखी एक पायरी चढायची. महापालिका अधिनियमाचे ४८७ वे कलम सांगते की आधी लेखी नोटीस द्या, महिनाभर थांबा, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा. त्यातले दोन महिने तर बिचारीचे प्लास्टरमध्येच गेले.

या ‘गरीब गाई’च्या बचावामागे इंग्रजांचा एक जुना नियम आहे. त्यांनी जनावरांच्या दोन जाती पाडल्या. वाघ, अस्वल, हत्ती हे जातीने हिंस्र. ते बाळगणाऱ्याने इजा झाली की भरपाई द्यायची, त्याची चूक असो वा नसो. गाय, बैल, कुत्रा हे जातीने गरीब. ते बाळगणाऱ्याला जनावराचा दुष्टपणा आधीपासून ठाऊक होता असे सिद्ध झाले तरच त्याने भरपाई द्यायची. म्हणजे पहिला चावा माफ!

या नियमाची एक गंमत सांगतो. १९५७ साली लंडनच्या न्यायालयात एका सर्कशीचा खटला निघाला. सर्कशीतले ब्रह्मदेशचे हत्ती रांगेने चालले होते. तेथे खेळ दाखवणाऱ्या एका ठेंगू जोडप्याच्या व्यवस्थापकाने एक चिमुकले कुत्रे आणले होते. ते भुंकत पुढे आले, बुलू नावाचा हत्ती बिथरून त्याच्या मागे लागला आणि त्या गडबडीत जोडप्याचा तंबू कोसळून त्या बाई जखमी झाल्या. सर्कसवाल्यांनी विनविले की आमचा हत्ती अगदी शिकवलेला, त्याने कुणाचे वाईट चिंतले नाही. न्यायमूर्ती डेव्हलिन यांना ते पटलेही. हा हत्ती गाईहून अधिक रानटी नाही असेच त्यांचे मत पडले. तरीही त्यांनी सर्कशीला भरपाई द्यायला लावली. हत्ती बाळगलात ना? त्यातून नफा मिळवता ना? मग प्रश्न संपला. तो निकाल मला शहाणपणाचा वाटतो. मला कोडे पडते ते एवढेच, की गाईइतक्या गरीब हत्तीचा धनी भरपाई देतो, आणि हत्तीइतकी बिथरलेली गाय ज्याची आहे तो मोकळा सुटतो. बरगडीला दोन्ही सारखेच लागते. खुद्द इंग्रजांची जनावरे रस्त्यावर भटकली तरी धनी जबाबदार नाही, असा त्यांचा आणखी एक जुना नियम होता. तो त्यांनी १९७१ साली कायदा करून मोडीत काढला. आम्ही मात्र साहेबाची टाकलेली टोपी डोक्यावर घालून बसलो आहोत.

बरे, चूक सिद्ध न करता भरपाई द्यायची ही कल्पना आपल्याकडे नाही म्हणावे तर तसेही नाही. त्याच विडीवालीला वळूऐवजी मोटारीने उडवले असते, तर मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाप्रमाणे कुणाची चूक हे न विचारता जबर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळण्याची सोय आहे. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजला मालढोक पक्ष्यांचे अभयारण्य आहे. मालढोक आता दिसेनासे झाले, पण त्या माळावर लांडगे आहेत. वन्य प्राण्याने माणूस मारला तर महाराष्ट्र सरकार वारसांना पंचवीस लाख रुपये देते. द्यावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नान्नजच्या माळावर मेला तर पंचवीस लाख, आणि तेथून तासाच्या आत सोलापुरात येऊन वळूच्या शिंगाने मेला तर हळहळ, हा हिशेब कुठल्या गणिताचा? शेतातल्या पिकाचीही याहून बरी सोय आहे. १८७१ च्या कायद्याने दुसऱ्याच्या रानात शिरलेले ढोर कोंडवाड्यात घालता येते आणि धन्याने पैसे भरल्यावाचून ते सुटत नाही. ज्वारीच्या कणसाला जे संरक्षण दीडशे वर्षांपूर्वी मिळाले, ते माणसाच्या बरगडीला अजून मिळायचे आहे.

कुणी म्हणेल, ही सगळी विलायती दृष्टी. आपल्या धर्माला गाईबैलांचे कौतुक आहे. मग धर्माकडेच जाऊ. सोलापूरहून पूर्वेला सकाळी निघून रात्री परत येण्याजोग्या अंतरावर कल्याणी आहे, आजचे बसवकल्याण. चालुक्यांच्या त्या राजधानीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि पुढे कित्येक शतके निम्म्याहून अधिक हिंदुस्थानचे वारसाचे तंटे तिच्या आधाराने तुटले. त्या याज्ञवल्क्यस्मृतीत शिंगाच्या आणि सुळ्यांच्या जनावरांविषयी स्पष्ट सांगितले आहे. शक्ती असूनही धन्याने आपल्या जनावराच्या तावडीतून माणूस सोडवला नाही तर त्याला दंड, आणि माणसाने ओरडून हाक मारल्यावरही सोडवला नाही तर दुप्पट. हाक ऐकूनही न येणारा दुप्पट अपराधी, ही किती नेमकी समज आहे! आमच्या हाका कुणाच्या कानावर नाहीत असे आता कोण म्हणेल?

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याच ग्रंथात एक सूटही आहे. देवाच्या नावाने सोडलेला पोळ, नुकतीच व्यालेली गाय, कळपातून चुकलेले ढोर, यांना दंड नाही. हे वचन दाखवून मोकाट वळूंची तरफदारी करणारे लोक मला भेटले आहेत. पण प्रकरण उलगडून पाहावे. ती सूट कुणाच्या रानात तोंड घातले त्यापुरती आहे. माणसाला शिंगावर घेण्याची नाही. आणि पोळ गावाने सोडलेला असे. गावच्या गाईंना त्याचा उपयोग होता, म्हणून गाव त्याचे चरणे सोसत असे. लाभ गावाचा आणि तोशीसही गावाची. मी याहून वेगळे काय मागतो आहे?

आता बेवारशी जनावरांकडे वळू, कारण खरी पळवाट तेथे आहे. “धनीच नाही तर दावा कुणावर लावणार?” असे विचारून सारे हात झटकतात. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा हा कारभार. मी म्हणतो, धनी आहे, आणि त्याने आपली खूणसुद्धा करून ठेवली आहे. २००१ च्या नियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी, रस्त्यावरच्या कुत्र्याला पकडावे, त्याची नसबंदी करावी, लस टोचावी आणि पुन्हा त्याच गल्लीत सोडावे असे ठरवले. शस्त्रक्रिया झाल्याची ओळख म्हणून कानाला खाच पाडतात. ही योजना दयेची आहे आणि मन लावून राबवली तर उपयोगाचीही आहे. पण ज्याने पकडले, टोचले, कापले, कानाला खाच पाडली आणि अमक्याच जागी नेऊन सोडले, त्याला धनी म्हणायचे नाही तर काय पाहुणा म्हणायचे? आणि ज्याचा कान अजून साबूत आहे, ते कुत्रे पकडायचे राहून गेले म्हणून रस्त्यावर आहे. काम केले तरी जबाबदारी तुमची, न केले तरी तुमचीच.

वळूंचेही तसेच. राज्याने १९७६ च्या कायद्याने गाईला आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांना कत्तलीपासून वाचवले. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद या लेखात मी घालीत नाही. परंतु जनावर जगावे असे ज्याने ठरवले, त्याने ते कुठे आणि कुणाच्या वैरणीवर जगावे तेही ठरवायला हवे होते. काम संपलेला बैल दावणीला बांधून पोसणे कोरडवाहू शेतकऱ्याला झेपत नाही, आणि गिऱ्हाईक तर कायद्याने बंद केले. मग तो सुटतो आणि शहराच्या रस्त्याला लागतो. पुण्य सरकारच्या पदरात आणि शिंग विडीवालीच्या कुशीत! दया दाखवायची तर ती स्वतःच्या खिशातून दाखवावी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवू नये.

कुत्री मारावीत की नाही, यावर मात्र आपण खंड पडू न देता भांडलो. गोव्याच्या आणि मुंबईच्या याचिकांवर २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाल दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२४ च्या मे महिन्यात निकालात निघाले. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून पुन्हा वादळ उठले. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानके येथली कुत्री आणि महामार्गांवरची गुरे हटवण्याचा हुकूम झाला. एक बाजू म्हणते मारा, दुसरी म्हणते वाचवा. चावा घेतलेला मुलगा या दोन्ही बाजूंना दाखवायला उपयोगी पडतो. त्याच्या औषधाचा आणि खाड्याचा हिशेब विचारायला फारसे कुणी थांबत नाही.

ज्यांनी विचारला त्यांची नावे आदराने घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली केरळसाठी न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली आणि चावा बसलेल्यांचे अर्ज तिच्यापुढे येऊ लागले. २०२३ च्या नोव्हेंबरात पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने १९३ याचिकांवर एकत्र निकाल दिला. मोकाट गुरे आणि कुत्री यांच्यामुळे झालेल्या इजेची भरपाई प्रथम राज्याने द्यावी, मागाहून कसूर करणाऱ्या खात्याकडून किंवा धन्याकडून वसूल करावी. कुत्र्याच्या चाव्याला दर दाताच्या खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस तुटले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार. दात मोजण्याची ही रीत काहींना हास्यास्पद वाटली. मला ती वाटली नाही. शिंपी कापड मोजतो, सराफ सोने मोजतो. गरिबाची जखम कुणीतरी पहिल्यांदाच पट्टी लावून मोजली.

हरकती येतील. महापालिकेकडे पैसा नाही, ही पहिली. खर्च होतोच आहे. फक्त तो आज महापालिकेच्या अंदाजपत्रकात न दिसता विडीवालीच्या चुलीपाशी दिसतो. प्रत्येक चाव्यामागे दहा हजार मोजावे लागले, तर नसबंदीचे काम किती झपाट्याने होईल ते पाहाच. लोक खोटे दावे करतील, ही दुसरी. दवाखान्याच्या कागदावर तारीख असते, जखमेचे वर्णन असते, लशीच्या खेपा असतात. मोटार अपघाताच्या दाव्यांना आपण खोटेपणाच्या भीतीने कुलूप घातलेले नाही. कुत्र्याला दगड मारणाऱ्या टवाळ पोरालाही पैसे द्यायचे काय, ही तिसरी. त्याचा वाटा कापा. न्यायाधीश ते रोज करतात. गरीब गवळ्याने एवढी रक्कम कुठून आणायची, ही चौथी, आणि हिला मी मान देतो. म्हणून तर विमा हवा. मोटारीला विमा सक्तीचा आहे. शहरात जनावर पाळण्याच्या परवान्यालाही तो जोडावा. शंभर गवळ्यांनी थोडे थोडे घातले की एकाचे घर बुडत नाही आणि जखमीचेही बुडत नाही.

माझ्या मागण्या तीनच आहेत. वळू, गाय, कुत्रा, कोणत्याही पाळीव वा मोकाट जनावराने माणसाला इजा केली, तर चूक सिद्ध करण्याची वाट न पाहता ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत मिळावी, असा कायदा महाराष्ट्राने करावा. मोटार अपघातांना आहे तसे त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक न्यायासन असावे, आणि सहा महिन्यांची ती अट तेथे नसावी. आणि धन्याकडून वसुली सरकारने करावी. ती जखमीच्या डोक्यावर नको. गुरांच्या कानांत आता बारा आकडी बिल्ले लावतात. आकडा वाचला की धनी सापडतो. कानाला खाच, नाहीतर कानात बिल्ला. यापुढे धनी सापडत नाही ही सबब चालायची नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरात कुणाला इजा झाली तर आपल्या हातचे तेवढे करावे. जखम धुवावी, दवाखाना गाठावा, केसपेपर जपून ठेवावा, जनावराचा आणि जागेचा फोटो घ्यावा, आणि महापालिकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आज त्या अर्जाचे काही होणार नाही असे वाटेल. दहा अर्जांचे होत नाही, हजारांचे होते. आणि मते मागायला जो कुणी दारात येईल त्याला फराळाची ताटली जरूर द्यावी, आणि तो चकली मोडत असतानाच विचारावे: “आमच्या गल्लीतल्या त्या वळूचे धनी तुम्ही काय?” तो नाही म्हणेल. मग कोण, ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे.